चार दिवस कोचीला जायचे म्हणजे

माण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आणि जागा संपली तेव्हा समासात आडवे. मजकूर थोडक्यात असा : लग्नाला बावीस वर्षे झाली. माहेर आणि पंढरपूर सोडले तर तिसऱ्या गावी मुक्काम घडलेला नाही. गोठ्यात दोन गाई आहेत. दिवाळीला संघाकडून दुधाचा फरक येतो, त्यातला थोडा थोडा बाजूला टाकीत तीन वर्षांत बत्तीस हजार रुपये साठले. मुलगी नर्सिंग शिकते, तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणी केरळच्या. तिने फोनवर कोचीची चित्रे दाखविली. "जिकडे बघावे तिकडे पाणी. आमच्या वाडीला चैतापासून टँकर. एवढे पाणी एकदा डोळ्यांनी बघावे वाटते." मालकांचे म्हणणे, त्या पैशात कडबाकुट्टी येईल. सासूबाई सत्तरीच्या, माळकरी, गुडघे धरलेले. पण नेणार असाल तर मीही येते म्हणतात. एक गाय माघाच्या अखेरीस विणार. जावे की न जावे, आणि जायचे तर कसे, असा प्रश्न आहे.

वाचकहो, असा प्रश्न एकट्या या ताईंचा नाही म्हणून उत्तर खाजगी न पाठविता येथे देत आहोत.

कडबाकुट्टीचे आधी उरकू. कुट्टी करून घातली तर वैरण वाया जात नाही, हे मालकांचे म्हणणे खरे आहे आणि आम्हाला ते खोडायचे नाही. पण कडबाकुट्टीला शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अनुदानासाठी अर्ज करता येतो. प्रवासाला अनुदान कोणी देत नाही. शिवाय हे पैसे कोणाच्या हातचे, हेही पाहावे लागते. पहाटे चारला उठून धार काढणारीने दरवर्षी मूठभर बाजूला ठेवले आहेत. त्या पैशांचे काय करावे हे तिने ठरवावे आणि घरातल्यांनी तिला हिशेबाला मदत करावी, एवढेच आमचे मत. आणि हिशेब मांडून पाहिला तर बत्तीस हजारांतले काही परतही येतील. तो पुढे देतोच.

आता केव्हा जावे. याबाबतीत आमची स्वतःची फजिती सांगितली तर बरे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही दोघे कोचीला गेलो ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. पेरणीला अजून अवकाश आहे, तेवढ्यात जाऊन येऊ, असा आमचा शहाणपणा. पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो आणि मग वर सरकत आपल्याकडे येतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. आम्ही त्याला जाऊन वेशीवरच गाठले! तीन दिवस लॉजच्या खिडकीतून पागोळ्या पाहिल्या. उघडीप मिळाली तेवढ्या वेळात आठ ठिकाणे उरकायची म्हणून मंडळींना नुसते पळविले. परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "त्या मिऱ्याच्या वेलाजवळ मला थोडं थांबायचं होतं." आम्ही गप्प बसलो. पुढे चार वर्षांनी पुन्हा गेलो, ते जानेवारीत. आज जे सांगतो आहोत ते त्या दुसऱ्या खेपेच्या जोरावर.

केरळात पाऊस दोनदा येतो. जून ते सप्टेंबर मोठा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाट करीत येणारा परतीचा. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडे दिवस. मार्चनंतर उकाडा. तिथला उकाडा आपल्या माणदेशी उन्हासारखा नव्हे. पारा आपल्याइतका चढत नाही. पण हवेत ओल इतकी की घाम वाळत नाही, वाळत घातलेले लुगडे दुसऱ्या दिवशीही दमटच. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरावेत. त्यातही नाताळ आणि नवे वर्ष हे आठ-दहा दिवस टाळा. फोर्ट कोचीला त्या वेळी मोठी जत्राच असते आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत शबरीमलेच्या यात्रेचा हंगाम असतो. काळ्या-निळ्या वस्त्रांतील भाविकांनी केरळकडच्या गाड्या भरून वाहतात.

मग उरले काय? संक्रांत झाली की निघावे. या ताईंच्या घरी तर ते सगळ्या बाजूंनी जुळते. शाळू अजून हुरड्यात असतो, काढणी पुढे आहे. गाभण गाय विण्याआधीचे दोन महिने आटवलेली असते, म्हणजे त्या दिवसांत धार एकाच गाईची. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, ते आल्यावर करता येईल. तेव्हा संक्रांतीनंतर आठवड्याच्या आत जाऊन परत यावे. गाईचे दिवस मात्र डॉक्टरांकडून एकदा नीट मोजून घ्या.

कोचीला जायचे तर रेल्वेने, आणि तेही कोकण रेल्वेने. १९९८ साली ही वाट रोह्यापासून मंगळूरच्या दारापर्यंत सलग खुली झाली आणि केरळ आपल्याला जवळ आले. त्याआधी मुंबईकडच्या माणसाला घाट चढून, दख्खन ओलांडून, मोठा वळसा घालून जावे लागे. नेत्रावती एक्स्प्रेस आणि मंगला एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या पनवेल, रत्नागिरीवरून जातात. नाशिक, मनमाडकडच्या वाचकांना मंगला सोयीची. नागपूर-वर्ध्याकडच्यांना दिल्लीहून येणारी केरळ एक्स्प्रेस आहे. पुण्याहूनही गाड्या आहेत, पण त्यांतल्या काही ठरावीक वारीच सुटतात, तेव्हा वार पाहून घ्यावा. पनवेलहून एर्नाकुलमला एक दिवस आणि एक रात्र लागते. कोची शहराच्या मुख्य भूमीवरच्या भागाला एर्नाकुलम म्हणतात. तिकिटावर तेच नाव येते. एर्नाकुलमला स्टेशने दोन आहेत, एक जंक्शन आणि दुसरे टाउन. आपली गाडी कोणत्या स्टेशनवर थांबते ते तिकिटावर वाचून घ्या, नाहीतर खोली एका टोकाला आणि आपण दुसऱ्या.

आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पूर्वी एकशेवीस दिवस होते. म्हणजे संक्रांतीनंतर जायचे तर नोव्हेंबरच्या मध्यावरच तिकीट काढावे, जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही एकदम. येताना बघू म्हणणारा माणूस येताना उभा येतो. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण वय नीट लिहिले तर साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांपुढच्या स्त्रियांना, शिल्लक असल्यास, खालची बैठक मिळते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी एवढे महत्त्वाचे दुसरे काही नाही.

गाडीत दिवसाउजेडी खिडकीशी बसायला मिळाले तर सोडू नका. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे येथे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. पलीकडे पानवल नदीवरचा पूल तर इतका उंच, की खाली नारळाची झाडे कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसतात. सासूबाईंना पुलाआधी सांगून ठेवा.

आता कोची. हे शहर एका जागी नाही. मुख्य भूमी, बेटे, आणि समुद्रात घुसलेली जमिनीची टोके, असे ते पाण्यात विखुरलेले आहे. मध्ये वेंबनाड नावाचे लांबलचक खाजण-सरोवर. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर माणसे आपल्याकडे एसटीने जावीत तशी बोटीने कामावर जातात. सरकारी बोटी पूर्वीपासून आहेत. एप्रिल २०२३ पासून विजेरीवर चालणाऱ्या नव्या बोटी सुरू झाल्या, त्यांना वॉटर मेट्रो म्हणतात. त्यांचा धक्का पाण्यावर तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर तोही वर-खाली होतो. त्यामुळे बोटीत पाय टाकताना पायरी चढावी-उतरावी लागत नाही. गुडघे धरलेल्या माणसाला याचे मोल कळते. तिकीट चाळीस-पन्नास रुपयांच्या आतले. पोहोचलात त्या दिवशी दुसरे काही करू नका. खोलीवर अंघोळ करा, दोन तास पाठ टेका आणि उन्हे कलली की हायकोर्टजवळच्या धक्क्यावरून नुसते वायपीन बेटाला जाऊन परत या. पाणी पाहायला आलो ना, तर पहिल्या संध्याकाळी पाणीच पाहावे.

वाटेत दिसणारे मोठे बंदर पाहताना एक लक्षात ठेवा. कोचीच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांध होता, मोठी जहाजे आत येत नसत. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज अभियंता १९२० साली आला, त्याने तो बांध कापून काढविला. १९२८ साली पहिले मोठे जहाज आत शिरले. कापून निघालेला गाळ टाकायचा कोठे? त्याचेच एक बेट केले. विलिंग्डन बेट म्हणतात ते हे. तळ्यातला गाळ काढून माळावर पसरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे काम ओळखीचे वाटेल. फक्त पसारा मोठा.

दुसरा दिवस फोर्ट कोची आणि मट्टनचेरीचा. वार मात्र पाहा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर शुक्रवार-शनिवार, तेव्हा आखणी करतानाच हे दोन वार मट्टनचेरीला लावू नका. सकाळी लवकर फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी पाहा. चार लांब वाशांना अडकविलेले प्रचंड जाळे, मागे आडवे ओंडके, आणि त्यांना दोरांनी टांगलेले मोठमोठे दगड. चार-पाच माणसे दोर सैल करतात, जाळे पाण्यात उतरते. थोड्या वेळाने ओढतात, दगडांच्या भाराने जाळे अलगद वर येते. कोकणात विहिरीवर एका टोकाला दगड बांधलेल्या लाकडाने पाणी शेंदीत, तीच ही युक्ती. हल्ली एका ओढीत मासळी फारशी येत नाही, आणि दोर ओढायला बोलावून नंतर पैसे मागण्याचीही पद्धत आहे. आधी विचारावे, हसतमुखाने द्यावे. माळकरी माणसाने मासळीकडे न पाहता त्या दगडांकडे पाहावे.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला, त्याला आधी येथे पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. तो एवढा समुद्र तुडवीत कशासाठी आला, ते पाहायचे तर मट्टनचेरीला चला. आला तो मिऱ्यासाठी. जुन्या वखारी अजून उभ्या आहेत, आणि त्या गल्लीत शिरले की सुंठ, मिरे, वेलदोडा यांचा वास अंगावर येतो. आपल्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव पाहिलेल्या माणसाला ऐकून गंमत वाटेल : १९५७ सालापासून येथे मिऱ्याच्या वायद्यांचा बाजार भरत असे, आणि ओरडून बोली लावीत. शेतात मिरी वेलावर आहे आणि भाव वखारीत ठरतो आहे, ही तऱ्हा तिथेही आपल्यासारखीच!

राजवाडा पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. आतल्या भिंतींवर अख्खे रामायण रंगविलेले आहे. सासूबाईंना तेथे बसायला जागा पाहून द्या आणि घाई करू नका. चित्रे पाहून कोणता प्रसंग हे त्या आपल्याआधी सांगतील. ज्यूंचे मंदिर १५६८ सालचे. जमिनीवर चिनी फरशा आहेत, निळ्या रंगात हाताने चितारलेल्या. ती वस्ती आता जवळजवळ रिकामी झाली, बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. जवळपासच गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून निघालेली ही कुटुंबे. घरी अजून कोंकणी बोलतात. शेजारून जाणाऱ्या दोन बायकांचे बोलणे आपल्याला निम्मे-अर्धे समजले आणि मंडळी एकदम थबकल्या. चारशे वर्षांपूर्वी निघालेली माणसे, आणि शब्द आपल्या ओळखीचे!

सातारा-सांगलीकडच्या वाचकांना आणखी एक ओळख निघण्यासारखी आहे. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतली सोने-चांदी गाळणारी गलाई मंडळी देशभर पांगली आहेत, तशी ती केरळातल्या शहरांतही आहेत. सोन्याच्या बाजारात मराठी कानावर आली तर दचकू नका. कोणी नात्यातले असेल तर जरूर भेटावे, चहा घ्यावा. मुक्काम मात्र त्यांच्या दोन खोल्यांत टाकू नये. आपण चार दिवसांची सुट्टी काढलेली असते, त्या घरच्या बाईने नव्हे.

तिसरा दिवस आमच्या मते सगळ्या प्रवासाचा गाभा. एर्नाकुलमहून सकाळी आलप्पुळाला जावे. जुने लोक त्याला आलेप्पी म्हणतात. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. बसवरच्या पाट्या मल्याळीत असतात, तेव्हा चढताना विचारावे. आलप्पुळाला उतरताच माणसे भोवती जमतील आणि हाऊसबोट घ्या म्हणतील. या बोटी म्हणजे मूळच्या भात वाहणाऱ्या होड्या. फळ्या खिळे न ठोकता काथ्याने शिवलेल्या. रस्ते झाले, भात ट्रकने जाऊ लागले, होड्या रिकाम्या पडल्या, मग १९९० नंतर त्यांवर खोल्या बांधून पाहुणे फिरवू लागले. रात्रभराचे आठ-दहा हजार सहज होतात. आमच्या पहिल्या खेपेस एका दलालाने फोटोत दाखविली एक आणि चढविले दुसरीत, पंखाही चालेना. या ताईंनी हाऊसबोटीच्या वाटेला जाऊ नये. बसस्थानकाजवळच सरकारी जलवाहतूक खात्याचा धक्का आहे. तिथून गावोगाव बोटी सुटतात, शाळेची मुले, भाजीवाल्या, दुधाच्या किटल्या सगळे तीत. भाडे आपल्या एसटीपेक्षाही कमी. कोट्टयमला जाणारी बोट अडीच तास पाण्यातून जाते. तेवढा वेळ नसेल तर जवळच्या नेडुमुडीसारख्या गावापर्यंत जाऊन दुसऱ्या बोटीने परत यावे. आणि छोट्या कालव्यांत शिरायचे असेल तर तासाच्या हिशेबाने लहान होडी ठरवावी. भाव चढण्याआधी ठरवावा, उतरताना नव्हे.

हा भाग म्हणजे कुट्टनाड. येथे जी शेती पाहाल तशी देशात दुसरीकडे क्वचितच. जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. काही ठिकाणी चार फूट, काही ठिकाणी त्याहून अधिक. चार नद्यांचे पाणी वेंबनाडला मिळते त्या गाळात लोकांनी बांध घालून खाचरे केली. बोटीत बसलात की गंमत दिसते : आपण वर, पाणी वर, आणि बांधापलीकडे भात खाली! पावसाळ्यात सगळे बुडालेले असते. पाऊस सरला की एका बांधातले सर्व शेतकरी मिळून पंप लावतात आणि पाणी उपसून नदीत टाकतात, मग पेरतात. जानेवारीत पीक हिरवेगार उभे असते, मार्चच्या सुमारास कापणी. एकट्याचे पाणी एकट्याने उपसताच येत नाही. बांध सर्वांचा, पंप सर्वांचा, पेरणीचा दिवसही सर्वांचा एकच. आपल्याकडे एका विहिरीच्या पाळ्यांवरून दोन भाऊ कोर्टात जातात, ते आठवून आम्हाला थोडी लाज वाटली. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या शेतीला जागतिक शेतीवारशाचा मान दिला. पण मान मिळाला म्हणून दुःख चुकत नाही. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात बांध फुटले आणि घरेदारे सोडून माणसांना छावण्यांत जावे लागले. १९७० नंतरच्या दशकात तण्णीरमुक्कमला खारे पाणी अडवायचा बंधारा बांधला, भाताला त्याचा फायदा झाला. पण मासे घटले, कालव्यांत जलपर्णी माजली, म्हणून कोळी आणि शेतकरी यांचा वाद अजून चालू आहे.

आणि ताई, तुम्ही पाणी पाहायला जाणार म्हणून हे मुद्दाम लिहितो. कुट्टनाडच्या आतल्या गावांत पिण्याचे पाणी दुर्मिळ आहे. चहूकडे पाणी, पण उन्हाळ्यात खारे, एरवी गढूळ आणि शेतातल्या औषधांचे. आम्ही गेलो तेव्हा एका वाडीच्या धक्क्याशी बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. गोड्या पाण्याची टाकी घेऊन होडी आली आणि नंबरावरून बोलाचाली सुरू झाली. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण मंडळी म्हणाल्या, "हिचा नंबर आधी होता, ती मधे घुसली." बरोबरच होते. टँकरपुढे उभी राहिलेली बाई ते भांडण कोणत्याही भाषेत ओळखते.

काठाने नारळाची सोडणे पाण्यात कुजत घातलेली दिसतील, वास येईल. ती महिनोन् महिने कुजवून, बडवून काथ्या काढतात. आलप्पुळाला काथ्याचा पहिला कारखाना १८५९ साली निघाला. पायपुसणे आणायचे तर येथूनच आणावे.

चौथ्या दिवशी गाडीची वेळ उशिराची असेल तर सकाळी एखादी मिऱ्याची बाग पाहा. लॉजवाल्याला विचारले तर तो जवळपासच्या खेड्यातली दाखवितो. तिथे घरोघरी परड्यात नारळ, फणस, सुपारी आणि त्यांवर चढविलेला मिऱ्याचा वेल असतो. जानेवारी हा काढणीचा काळ. घोसातला एखादा मणी लाल झाला की घोस खुडतात, मणी सोडवून अंगणात उन्हात घालतात, चार-सहा दिवसांत ते काळे पडून सुरकुततात. शंभर किलो ओल्यातून तेहतीसच्या आसपास किलो कोरडे मिळते. तेच मणी पिकू देऊन, पाण्यात भिजवून साल काढली की पांढरे मिरे. वेल पाहून रोप आणण्याचा मोह होईल. कोकणातल्या वाचकांनी खुशाल आणावे. माणदेशात मात्र त्याला सावली आणि ओल कोठून द्यायची? सुके मिरे आणा. दुकानात चार दाणे पाण्यात टाकून पाहा. पपईची बी आणि पोकळ दाणे तरंगतात.

वायपीन बेटाच्या बाजूला पोक्काळी नावाची भातशेतीही आहे. खाऱ्या पाण्यातले भात. पावसाने खार धुऊन निघाला की पेरतात, कापताना फक्त लोंबी कापून घेतात आणि उंच धाटे पाण्यातच ठेवतात. मग नोव्हेंबरपासून त्याच शेतात कोळंबी. कुजलेली धाटे कोळंबीला खाद्य, कोळंबीची घाण पुढच्या भाताला खत. पदरचे खत टाकीत नाहीत. जानेवारीत भात दिसणार नाही, नुसते पाणी आणि जाळी दिसतील. म्हणून त्यासाठी मुद्दाम दिवस मोडू नये.

मुन्नारचे चहाचे मळे आणि अतिरप्पिळ्ळीचा धबधबा ही नावे तुम्हाला सगळे सांगतील. चार दिवसांत ती घालू नका. मुन्नारला जायचा-यायचा सगळा दिवस घाटात जातो. एक दिवस वाढविता आलाच तर काळडी पाहावे. आद्य शंकराचार्यांचे जन्मगाव, पेरियार नदीच्या काठी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. घाट शांत आहे, सासूबाईंना आवडेल. केरळातल्या पुष्कळ देवळांत पुरुषांना सदरा काढून जावे लागते आणि खाली धोतर किंवा लुंगी लागते. मालकांनी धोतर घ्यावे. बायकांच्या लुगड्याला कोठेच आडकाठी नाही.

खाण्याचे थोडे सांगतो. माळकऱ्यांनी शुद्ध शाकाहारी अशी पाटी पाहूनच बसावे. एर्नाकुलमला अशी हॉटेले पुष्कळ आहेत. भात जाड आणि तांबूस असतो, खोबरेलाची फोडणी पहिल्या दिवशी नाकाला झोंबते. पोट नाजूक असेल तर कंजी मागावी. कंजी म्हणजे आपली पेज, बरोबर मुगाची उसळ. ताकाला मोरु म्हणतात, पाण्याला वेळ्ळम. पाणी गुलाबी रंगाचे आणि कोमट देतात ते पाहून पुष्कळ जण परत करतात. ते एका औषधी लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेले असते, निर्धास्त प्यावे. थोरल्या बाईला चेची आणि पुरुषाला चेट्टा म्हटले की काम लवकर होते. हिंदी समजणारी माणसे आता पुष्कळ भेटतात, कारण उत्तरेकडून आणि बंगाल-आसामातून कामाला आलेले मजूर सगळीकडे आहेत. दोन-चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतल्या प्रवासासाठी हवीच. डासांसाठी मलम, एक छत्री, गुडघ्याचा पट्टा आणि नेहमीच्या गोळ्या विसरू नयेत.

आता हिशेब. तिघांचे शयनयानाचे जाणे-येणे, माणशी एका खेपेस सातशेच्या घरात धरले तर बेचाळीसशे. एसटीत बायकांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, तरी पनवेलपर्यंत जाण्या-येण्याला दीड हजार धरा. लॉजची साधी खोली जादा गादीसह दीड हजारांची, तीन रात्रींचे साडेचार हजार. जेवणखाण माणशी तीनशे रोज, सहा दिवसांचे चोपन्नशे. बोटी, बसगाड्या, रिक्षा आणि सासूबाईंसाठी एखादा दिवस मोटार, सहा हजार. मिरे, पायपुसणी, मुलीला काही, तीन हजार. झाले चोवीस हजार सहाशे. उरले सात हजार चारशे, ते दुखण्याखुपण्यासाठी वेगळे बांधून आत ठेवा. नाही लागले तर परत आणा आणि मालकांच्या हाती कडबाकुट्टीसाठी द्या.

राहिली गाय. संध्याकाळची धार काढून रात्रीच्या गाडीने निघालात तर सहाव्या दिवशी रात्री घरी येता. म्हणजे एका गाईच्या बारा धारा. शेजारणीला किंवा जावेला सांगायचे तर आधी आठ दिवस रोज एक धार तिला काढू द्या, गाईला हाताची सवय होते. अगदी शेवटच्या दिवशी दावे हातात दिले तर गाय पान्हा चोरते. त्या सहा दिवसांचे दूध संघात तिच्या नावावर घाला, ते तिच्या कष्टाचे. गाभण गाईला खुराक किती घालायचा ते मापाने भांड्यावर खूण करून ठेवा आणि डॉक्टरांचा फोन गोठ्याच्या दारावर खडूने लिहा. इतके करूनही आल्यावर दोन-तीन दिवस दूध लिटर-दीड लिटर कमी भरेल. ते वरच्या हिशेबात धरलेले नाही, तुम्ही धरा.